डब्याच्या दुधातलं पायसीकारक

 

आजचा विषय एका अवघड शब्दाचा आहे. बाळासाठी दुकानातून जो पावडरच्या दुधाचा डबा येतो, त्याच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते. त्या यादीत इमल्सिफायर असा शब्द असतो आणि त्याच्यापुढे आयएनएस ३२२ किंवा आयएनएस ४७१ असा नंबर असतो. मराठीत त्याला पायसीकारक म्हणतात. फोनवर फिरणाऱ्या काही संदेशांत या शब्दाचं भाषांतर सरळ ‘साबण’ असं केलेलं असतं, आणि बाळाच्या पोटात साबण चालला म्हटल्यावर कुठली आई घाबरणार नाही?

या कार्यक्रमासाठी आम्ही चारपाच जणी मिळून तयारी करतो. आमच्यात उपकेंद्रात काम करणारी सिस्टर आहे, अंगणवाडी सेविका आहे, गृहविज्ञान शिकवणारी शिक्षिका आहे. या भीतीमुळे घरोघरी काय होतं ते आम्ही पाहतो. डॉक्टरांनी सांगितलेला डबा घरात आणलेला असतो, पण संदेश वाचल्यावर आई तीन चमच्यांऐवजी दोनच चमचे घालते, म्हणजे ‘केमिकल’ कमी जाईल. कुणी डबा बंद करून गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून पाजते. भीती पायसीकारकाची असते, आणि बाळ मात्र उपाशी राहतं. म्हणून हा शब्द आज नीट उलगडून पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वच्छ सांगतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आम्ही नेहमी सांगतो आणि आजही तेच सांगणार. आजचं बोलणं डब्याची जाहिरात नाही. पण काही घरांत डबा लागतोच. बाळाची आई दगावलेली असते, आई कर्करोगाच्या औषधांवर असते, बाळ दत्तक आलेलं असतं. गॅलॅक्टोसीमिया नावाचा एक विरळा आजार आहे, त्यात बाळाला दुधातली साखर, अगदी आईच्या दुधातलीसुद्धा, चालत नाही आणि सोयाचं पावडर-दूध द्यावं लागतं. या घरांतल्या बायकांना खरी माहिती मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

आता स्वयंपाकघरात चला. आमटीला फोडणी दिली की तेल वर तरंगतं. मिसळीच्या कटावर लाल तवंग येतो. कितीही ढवळलं तरी थोड्या वेळानं तेल पुन्हा वर येतं, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मग दुधाचं काय? दुधातही स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात तर सहा-सात टक्के असतो. आणि तरी ताज्या दुधावर तेलाचा तवंग दिसत नाही. दूध सगळीकडे सारखं पांढरं दिसतं. असं का?

दुधातलं तूप मोकळं नसतं, म्हणून. ते अतिशय बारीक थेंबांच्या रूपात असतं आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. या पापुद्र्यातल्या कणांचं एक टोक तेलाला धरून राहतं आणि दुसरं टोक पाण्याला. त्यामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत, पाण्यात पसरून राहतात. तेल आणि पाणी यांचं असं टिकून राहणारं मिश्रण म्हणजे पायस, आणि ते टिकवून धरणारा पदार्थ म्हणजे पायसीकारक. दोघांचे हात धरून मध्ये उभी राहणारी ही मध्यस्थी आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आपण दही घुसळून लोणी काढतो तेव्हा उलटं होतं. रवीच्या माराने हे पापुद्रे फाटतात, आतले थेंब मोकळे होतात, एकमेकांना चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. फाटलेले पापुद्रे बरेचसे ताकात जातात. म्हणजे ताक पिताना आपण दुधातलं नैसर्गिक पायसीकारकच पीत असतो.

आईच्या दुधातही हेच आहे. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण साडेतीन ते चार ग्रॅम स्निग्धांश असतो आणि बाळाला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी जवळजवळ निम्मे या स्निग्धांशातून येतात. त्या थेंबांभोवतीच्या पापुद्र्यात फॉस्फोलिपिड जातीचे पदार्थ असतात. लेसिथिन हेही त्याच जातीचं. हाच पदार्थ अंड्याच्या बलकात भरपूर असतो, आणि त्याचं नावही बलकासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडलं आहे. म्हणजे पायसीकारक ही कारखान्यात प्रथम जन्मलेली वस्तू नाही. पान्ह्याबरोबर ते बाळाच्या पोटात जातंच.

मग डब्यात ते वेगळं का घालावं लागतं? डब्याचं दूध कसं बनतं ते पाहिलं की कळेल. बहुतेक वेळा साय काढलेलं गाईचं दूध घेतात. त्यातलं तूप काढलेलं असतं आणि त्याबरोबर तो पापुद्राही गेलेला असतो. त्याऐवजी सूर्यफूल, सोया, पाम, खोबरेल अशी वनस्पती तेलं घालतात, म्हणजे स्निग्धाम्लांचं प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ नेता येतं. त्यात दुग्धशर्करा, जीवनसत्त्वं, खनिजं घालतात. हे सगळं मोठ्या दाबाने बारीक छिद्रातून पाठवून तेलाचे थेंब बारीक करतात आणि मग गरम हवेत फवारून भुकटी करतात. दुधातली प्रथिनं काही प्रमाणात थेंब सांभाळतात. ती पुरेशी पडत नाहीत तिथे लेसिथिन किंवा मोनो आणि डायग्लिसराइड घालतात. लेसिथिनचा नंबर ३२२, दुसऱ्याचा ४७१. लेसिथिनमुळे भुकटी पाण्यात चटकन भिजते आणि गुठळ्या होत नाहीत.

हे घातलं नाही तर काय होईल? तयार केलेल्या दुधावर तेल येईल. बाळाला एका घोटात नुसतं पाणीदार दूध मिळेल आणि दुसऱ्या घोटात तेल. वाटीच्या कडेला चिकटून राहिलेल्या तेलाबरोबर बाळाचे निम्मे उष्मांक आणि तेलात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वाया जातील. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा हा एकमेव आहार असतो. मोठ्या माणसाला सकाळची कसर संध्याकाळच्या भाकरीने भरून काढता येते, तशी सोय बाळाला नसते.

४७१ बद्दल आणखी थोडं. आपण जे तेल-तूप खातो ते आतड्यात गेल्यावर पाचकरस त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांतला एक तुकडा म्हणजेच मोनोग्लिसराइड. म्हणजे डब्यातलं ४७१ आणि बाळाच्या स्वतःच्या पोटात तूप पचताना तयार होणारा पदार्थ हे एकाच कुळातले. आणि तेल पचवण्यासाठी आपल्या यकृतातून जे पित्त येतं, तेही पायसीकारकाचंच काम करतं. तान्ह्या बाळात हे पित्त कमी तयार होतं. आईच्या दुधात स्निग्धांश पचवणारा पाचकरस सोबत येतो, तो डब्याच्या दुधात नसतो. अंगावरचं दूध का श्रेष्ठ, याचं हे एक साधं कारण आहे.

काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते. त्यांच्यासाठी प्रथिनं आधीच बारीक तोडलेला खास डबा मिळतो. तुटलेल्या प्रथिनांना तेलाचे थेंब सांभाळता येत नाहीत, म्हणून अशा डब्यांत पायसीकारकं जास्त लागतात, कधी ४७२सी नावाचंही असतं. ते दूध डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय द्यायचं नाही.

आता मुख्य प्रश्न. हे सुरक्षित आहे का?

प्रश्न विचारणं मुळीच वेडेपणाचं नाही. १९८३-८४ साली अमेरिकेत कमी दिवसांच्या बाळांना ई जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन शिरेतून दिलं गेलं. त्यात पॉलिसॉर्बेट नावाचं पायसीकारक होतं. तिथल्या औषध प्रशासनाची मंजुरी त्या औषधाने घेतलेली नव्हती. ३८ बाळं दगावली आणि १९८४ मध्ये ते औषध बाजारातून मागे घेण्यात आलं. तो पदार्थ वेगळा होता, तो पोटात न जाता थेट रक्तात गेला होता, आणि बाळं फार नाजूक होती. डब्यातल्या लेसिथिनशी त्याची बरोबरी करता येणार नाही. पण मोठ्यांना चालतं म्हणून तान्ह्याला चालेल असं धरून चालायचं नाही, हा धडा त्यातून नक्की मिळतो.

हा धडा नियमांतही आहे. खाद्यपदार्थांत घालायच्या पदार्थांची तपासणी करणारी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती आहे. माणसाने रोज किती खाल्लं तर चालेल, याचा आकडा ती ठरवते. पण हा आकडा १२ आठवड्यांच्या आतल्या बाळांना आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळा विचार, वेगळी तपासणी करावी लागते. युरोपात ही रेषा १६ आठवड्यांवर धरली आहे.

कोडेक्स या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय अन्नमानकं आहेत. तिथे बाळाच्या पावडर-दुधासाठी परवानगी असलेल्या पायसीकारकांची छोटी यादी आहे आणि प्रत्येकाची कमाल मर्यादा दिली आहे. पिण्यासाठी तयार केलेल्या १०० मिलिलिटर दुधात लेसिथिन जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम, आणि मोनो व डायग्लिसराइड जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम. यादीत नाही ते घालायचं नाही. बिस्किटात, आइस्क्रीममध्ये, केकमध्ये चालणारी कितीतरी पायसीकारकं या यादीत मुळातच नाहीत.

युरोपात लेसिथिनची मर्यादा आणखी कडक आहे, १०० मिलिलिटरला ०.१ ग्रॅम. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये लेसिथिनचा आणि २०२१ मध्ये मोनो व डायग्लिसराइडचा १६ आठवड्यांच्या आतल्या बाळांसाठी वेगळा आढावा घेतला. ठरवलेल्या मर्यादेत वापरल्यास काळजीचं कारण दिसत नाही असं त्यांनी म्हटलं, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. या पदार्थांत शिशासारख्या जड धातूंची जी अत्यल्प भेसळ राहू शकते, तिच्या मर्यादा आणखी खाली आणा. म्हणजे पदार्थ निवडून भागत नाही, तो शुद्ध असावा लागतो, आणि ते पाहणं सरकारी यंत्रणेचं काम आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सगळी फॉस्फोलिपिडं मिळून साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतात. कोडेक्सची लेसिथिनची मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे. मर्यादा म्हणजे प्रत्येक डब्यात तेवढं असतंच असं नाही, पण मर्यादा आणि आईचं दूध यांच्यातलं अंतर मोठं आहे. शिवाय आईच्या दुधातला पापुद्रा अनेक पदार्थांनी विणलेला असतो. एकट्या लेसिथिनने तो तसाच्या तसा पुन्हा विणला जात नाही. अलीकडे काही कंपन्या दुधाचा हा पापुद्रा वेगळा काढून पावडरमध्ये घालू लागल्या आहेत.

२०१५ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास गाजला. पाण्यातून दोन पायसीकारकं दिल्यावर उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बदलले, आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थराला धक्का लागला, सौम्य सूज आली, वजन वाढलं. फोनवरचे संदेश बहुतेक याच अभ्यासावर उभे असतात. पण ती दोन पायसीकारकं होती कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८०. कोडेक्सच्या साध्या पावडर-दुधाच्या यादीत ती दोन्ही नाहीत. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो आपल्या घरच्या मोठ्या मुलांच्या तयार खाऊच्या पाकिटांबद्दल जास्त सांगतो. डबा परत करण्याआधी ती पाकिटं बघा.

कॅराजीननबद्दलही कुणी विचारेल. हा लाल समुद्री शेवाळापासून काढलेला घट्टपणा आणणारा पदार्थ, नंबर ४०७. तो तयार पातळ दुधात वापरतात, पावडरीत त्याचं काम नसतं. जन्मापासून द्यायच्या दुधात युरोपने त्याला परवानगी दिलेली नाही. आधी सांगितलेल्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये तपासून, लिटरला १००० मिलिग्रॅमपर्यंत काळजीचं कारण नाही असं ठरवलं. दोन ठिकाणचे जाणते लोक दोन निर्णयांवर येतात, तेव्हा आपल्यासाठी सोपी वाट आहे. आपल्याकडे बहुतेक डबे पावडरचेच असतात. यादीत ४०७ दिसलाच तर बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं.

मग डब्याच्या दुधाने बाळांना त्रास झालाच नाही का? झाला, आणि फार झाला. २००३ मध्ये इस्रायलमध्ये सोयाच्या एका पावडर-दुधात बी-१ जीवनसत्त्व पुरेसं नव्हतं. बाळं दगावली, काहींना कायमचं अपंगत्व आलं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात प्रथिनं जास्त आहेत असं भासवण्यासाठी मेलामाइन मिसळलं गेलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. २०२२ मध्ये अमेरिकेत क्रोनोबॅक्टर या जंतूच्या शंकेने मोठ्या प्रमाणावर डबे परत मागवावे लागले. नीट पाहा, यात एकदाही घटकांच्या यादीतलं पायसीकारक दोषी नव्हतं. जे असायला हवं ते नव्हतं, किंवा जे नसायला हवं ते आत होतं, आणि डब्यावर त्याचा पत्ता नव्हता.

आपल्या गावात तर धोका याहून साधा असतो. तो असतो पाण्यात, बाटलीत आणि मापात. बाळाला जुलाब होतात ते न उकळलेल्या पाण्याने आणि बुचाच्या खोबणीत वाळलेल्या दुधाने. बाळ खंगतं ते पातळ पाजल्याने. दूध फार पातळ झालं तर पोट भरल्यासारखं वाटतं पण अंगी लागत नाही, आणि फार पाणी गेलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन झटकेही येऊ शकतात. फार दाट केलं तर बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून माप म्हणजे माप.

यात पैशाचाही प्रश्न आहे, तो लपवायचा नाही. ४०० ग्रॅमच्या डब्यात साधारण ३ लिटर दूध तयार होतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७०० मिलिलिटर पितं. म्हणजे डबा चार दिवस, आणि महिन्याला सात डबे. आपल्या दुकानातला भाव लावून गुणाकार करा. मजुरीवर चालणाऱ्या घरात डबा पुरवून वापरायचा मोह का होतो ते कळेल. म्हणूनच डबा सुरू करण्याआधी हा हिशेब सासूबाईंनी, नवऱ्याने, सगळ्यांनी मिळून करायचा. सुरू केला की अंगावरचं दूध हळूहळू आटतं आणि मागे फिरणं अवघड होतं.

ज्यांना डॉक्टरांनी डबा सांगितलाच आहे, त्यांनी आता कागद-पेन्सिल घ्या.

हात साबणाने धुवा. वाटी, चमचा, बोंडलं पाण्यात बुडवून उकळून घ्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो स्वच्छ ठेवता येतो. प्यायचं पाणी खळखळ उकळा. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की भुकटीवर घालताना पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नसावं, कारण भुकटी निर्जंतुक नसते आणि त्या उष्णतेने जंतू मरतात. घरात तापमापक नसतो. एक लिटर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, एवढं लक्षात ठेवा. काही डब्यांवर कोमट पाणी घ्या असं लिहिलेलं असतं. अशा वेळी डॉक्टरांना विचारा, आणि बाळ कमी दिवसांचं किंवा दोन महिन्यांच्या आतलं असेल तर विचारल्याशिवाय राहू नका.

आधी पाणी मोजून घ्या, मग त्याच डब्यातला चमचा, शीग न ठेवता सपाट करून, डब्यावर लिहिले असतील तेवढेच. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्याला चालत नाही. ढवळा, भांडं थंड पाण्यात धरून निववा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या. ते टाकताना जीव तुटतो हे आम्हाला माहीत आहे, तरी टाका.

दुधात रवा, बिस्किट, तांदळाची पेज, मध असं काही घालू नका. बाळ दूध ओकतं म्हणून घट्ट करण्याची एखादी पावडर कुणी सुचवली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झँथन डिंकाच्या अशाच एका पावडरीबद्दल इशारा दिला होता, की ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांना ती देऊ नये, कारण आतड्याचा गंभीर आजार होण्याची भीती होती. कंपनीने मोजून घातलेल्या चिमूटभर लेसिथिनला घाबरायचं आणि स्वतः चमचाभर भलतंच घालायचं, असं व्हायला नको.

तयार दूध थोडा वेळ ठेवल्यावर वर पातळ साईसारखी रेघ दिसली तर घाबरू नका, हलवलं की ती मिसळते. पण भुकटीला खवट वास आला, ओल लागून खडे झाले, किंवा हलवूनही तेल तरंगत राहिलं, तर तो डबा वापरू नका. दुकानदाराकडून पावती घेऊन ठेवायची सवय असावी, ती अशा वेळी कामाला येते.

लेसिथिन बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं, म्हणून डब्यावर ‘सोया आहे’ अशी सूचना असते. सोयाची ॲलर्जी सांगितली असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. पण बाळाच्या शीमध्ये रक्त, अंगावर चट्टे, सारख्या उलट्या, वजन न वाढणं असं काही दिसलं तर सगळ्यात आधी शंका घ्यायची ती गाईच्या दुधातल्या प्रथिनाची. पायसीकारकाचा नंबर शोधत बसू नका, बाळाला घेऊन दवाखाना गाठा.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो. १९९२ चा एक कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार बाळाच्या पावडर-दुधाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुना वाटता येत नाही, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. आईचं दूध सर्वांत उत्तम, ही सूचना डब्यावर असावीच लागते. दवाखान्यातून निघताना कुणी पिशवीत डबा घालून दिला, तर तो प्रेमाने दिला तरी कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि तुम्ही ‘नको’ म्हणू शकता.

दूध कमी येतंय असं वाटत असेल तर आधी आशाताईंना, सिस्टरना बोलवा. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळंतिणीला नुसतं ‘तुला दूधच नाही’ असं म्हणून म्हणून तिचा धीर खचवू नका. जवळ घेण्याची रीत बदलली, रात्रीचं पाजणं सुरू ठेवलं, की बहुतेकींना पान्हा वाढतो. कमी दिवसांच्या आणि दवाखान्यात दाखल असलेल्या बाळांसाठी काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्धपेढी असते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पेढी आशियातली पहिली मानली जाते. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तिथे तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून बाळांना देतात. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर डबा आणण्याआधी, इथे दूधपेढी आहे का, हे विचारायला लाजू नका.

तर मैत्रिणींनो, डबा लागत नसेल तर आणू नका. लागत असेल तर मोजून, उकळून, स्वच्छ हाताने आणि पोटभर द्या. आणि ज्या आईला डबा द्यावा लागतोय तिला शेजारणींनी, नणंदा-जावांनी टोमणे मारू नका. तिच्या बाळाला दूध करायला भांडी उकळून द्या, रात्रीची एक पाळी तुम्ही घ्या.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे आमच्या केंद्रावर कळवा, सिस्टर त्यांची उत्तरं देतील. आता रजा घेतो. नमस्कार.